समुद्राजवळ पोहण्याच्या तलावाभोवती टाइल बसवायच्या आहेत, खर्च कसा धरायचा?

निळीकड (प्रश्न)

नमस्कार मंडळी. तलाव बांधून झाला आहे, ८ बाय ४ मीटर. चारही बाजूंनी दीड मीटरचा पट्टा टाइलचा करायचा आहे. खाली काँक्रीटचा स्लॅब आहे, साधारण सपाट, ढाळ दिलेला नाही. समुद्र जवळ, त्यामुळे कडक ऊन आणि खारा वारा दोन्ही. तलाव मिठाच्या क्लोरिनेटरवर (पाण्यातल्या मिठापासून क्लोरीन तयार करणारं यंत्र) चालणार.

दोन कोटेशन आली आहेत. दोघांनीही चौरस मीटरला एकच ठोक दर लावलाय आणि दुसऱ्याचा दर पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट. दोघंही म्हणतात "सगळं धरून". तर या 'सगळ्या'त काय काय असायला हवं? दुसरा म्हणतो २० मिमी जाडीचीच टाइल घ्या, तिची खरंच गरज आहे का? आणि हात आखडायचाच झाला तर कुठे आखडावा? पैशांतले आकडे नकोत, दर जागोजागी वेगळे असतात. प्रमाणं सांगा, गुणाकार मी करतो.

मोजपट्टी

आधी मापं मांडू, घोळ तिथूनच सुरू होतो. बाहेरून ११ × ७ म्हणजे ७७, त्यातून तलावाचे ३२ वजा. राहिले ४५ चौ. मी. पण हे ४५ एका दराचं काम नाही. काठाचं कोपिंग (तलावाच्या कडेवर बसणारी फरशी) ३० सेंमी रुंद धरलं तर साडेसात चौ. मी. त्यातच जातात, आणि कोपिंग मोजायचं धावत्या मीटरवर: २४ मीटर आणि चार कोपरे. ६० सेंमी लांबीचे तुकडे असतील तर ४० नग, कोपऱ्यांचे चार वेगळे, वर दोनतीन जास्तीचे. सपाट टाइल उरते ३७.५ चौ. मी. ठोक दरात कोपिंग नेमकं कुठे बसवलंय हे पहिल्या ठेकेदाराला विचारा. बहुतेक वेळा ते "नंतर बघू"मध्ये असतं.

टाइल ६०० × ६०० घेतलीत तर रुंदीचं गणित छान जुळतं. कोपिंग ३००, मग १० मिमीचा लवचीक सांधा, मग ६००, ५ चा सांधा, पुन्हा ६००. एकूण १५१५ मिमी. पट्टा १५ मिमीने वाढवता आला तर रुंदीत एकही काप लागत नाही, काप फक्त लांबीच्या टोकांना आणि स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या खोक्याच्या) झाकणांपाशी. अशा सरळ मांडणीला १० टक्के जास्त माल पुरतो. तिरकी मांडणी केलीत तर १५ धरा. ३७.५ चे ४१.२५ झाले, खोक्यात १.४४ चौ. मी. असेल तर २९ खोकी. सगळी एकाच शेडची आणि एकाच कॅलिबरची (नेमक्या मापाच्या गटाची), हे खोक्यावर छापलेलं असतं. उरलेलं एखादं खोकं टाकून देऊ नका, तीच शेड पुन्हा मिळत नाही.

आता २० मिमीचं. ती जाड टाइल मुळात कोरडी मांडण्यासाठी आहे: खडीवर किंवा पेडेस्टलवर (टाइलखाली ठेवायच्या सुट्या टेकूंवर), जिथे खाली पक्का आधार नसतो आणि वजन टाइललाच पेलायचं असतं. तुमच्याकडे स्लॅब आहे. त्यावर अॅडहेसिव्हने पूर्ण चिकटवलेली ९-१० मिमीची बाहेरची पोर्सिलेन टाइल माणसं, खुर्च्या, छत्रीचा पाया सगळं पेलते. २० मिमी घेऊन वर ती चिकटवायची म्हणजे एकाच ताकदीचे पैसे दोनदा मोजायचे. वजनात बघा: १० मिमीची साधारण २२ किलो प्रति चौ. मी., २० मिमीची ४६. तुमच्या २९ खोक्यांएवढा माल ९०० किलोंऐवजी १९०० किलो होतो. वाहतूक, चढउतार आणि कापणी सगळंच वाढतं. कोपिंगसाठी मात्र जाड तुकडाच घ्या, काठ उघडा दिसतो आणि हातपाय तिथेच आपटतात. जाडीतला १० मिमीचा फरक खालच्या कोब्यात (टाइलखालच्या सिमेंट-वाळूच्या थरात) काढता येतो.

कोब्याकडे येऊ, कारण दोन कोटेशनमधला फरक बहुधा इथे दडलाय. तुमचा स्लॅब सपाट आहे म्हणजे ढाळ कोब्यातच द्यावा लागणार. तलावापासून बाहेरच्या बाजूला दीड ते दोन टक्के. दोन टक्क्यांनी दीड मीटरला ३० मिमी उतार होतो. काठाशी ६०, बाहेरच्या कडेला ३०, सरासरी ४५ मिमी जाडी. ४५ चौ. मी. वर ओला माल सुमारे २ घनमीटर, कोरडा २.७. एकास चार प्रमाणात ५० किलोच्या १६ गोण्या सिमेंट आणि सव्वादोन घनमीटरच्या आसपास वाळू. जुन्या स्लॅबवर कोबा नुसता ओतून चालत नाही, पृष्ठभाग टोचून, धुऊन, सिमेंटची राळ (पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट) ओली असतानाच वर माल पडायला हवा. नाहीतर कोबाच सुटतो आणि दोष टाइलवर जातो. "ढाळ अॅडहेसिव्हमध्ये काढू" असं कोणी म्हणालं तर त्याला थांबवा. जाड थर आकसतो, आणि तो माल कोब्यापेक्षा कितीतरी महाग असतो.

बाकीचं सामान: अॅडहेसिव्ह ६ किलो प्रति चौ. मी. धरून २७० किलो, म्हणजे २० किलोच्या १४ गोण्या. ग्राउट (सांधे भरायचा माल) किती लागेल ते काढायचं सूत्र सोपं आहे. लांबी अधिक रुंदी, भागिले लांबी गुणिले रुंदी. याला जाडी, सांध्याची रुंदी आणि १.६ ने गुणा, सगळं मिमीमध्ये. ६०० च्या १० मिमी टाइलला ५ मिमी सांध्याने चौ. मी. ला ०.२७ किलो येतं, एकूण १० किलो. २० मिमीला बरोबर दुप्पट.

थापीरंधा

मोजपट्टींचं गणित पटलं. १० मिमी टाइल चालते हेही मान्य, पण एका अटीवर: खाली पोकळी राहता कामा नये. बाहेरच्या कामात टाइलच्या पाठीचा ९५ टक्के भाग भरलेला हवा. पाच ठिकाणी गोळे ठेवून टाइल दाबायची ही पद्धत इथे पैसे बुडवते. पोकळीत पाणी साठतं, उन्हात तापतं, क्षार घेऊन सांध्यातून वर येतं, आणि जड खुर्चीचा पाय नेमका पोकळ कोपऱ्यावर पडला की टाइल चिरते.

अॅडहेसिव्हच्या गोणीवर सी२ टीई एस१ असं वाचून घ्या. सी२ म्हणजे वाढीव पकड, टी म्हणजे घसरत नाही, ई म्हणजे थापल्यावर जास्त वेळ चिकट राहतं, एस१ म्हणजे थोडं लवचीक. गडद टाइल असेल तर एस१ वर तडजोड नको. पण ई चा 'अर्धा तास' प्रयोगशाळेतला आहे, २३ अंशांचा आणि वारा नसलेला. तापलेल्या कोब्यावर, वाऱ्यात, तेच अॅडहेसिव्ह दहा मिनिटांत साय धरतं. वरून ओलं दिसतं, बोट लावलं तर बोटाला काही लागत नाही. अशा थरावर ठेवलेली टाइल पहिले काही महिने शाबूत वाटते, मग अख्खी निघते आणि तिच्या पाठीवर दातेरी थापीचे चरही उमटलेले नसतात.

म्हणून बसवण्याचं काम पहाटे ते साडेनऊ-दहा आणि मग ऊन उतरल्यावर. आदल्या संध्याकाळपासून हिरवी जाळी बांधून कोबा सावलीत ठेवायचा. बहुतेक गोण्यांवर ३५ अंशांची मर्यादा छापलेली असते. ती फक्त हवेची नसून पृष्ठभागाचीही असते, आणि दुपारी कोबा हवेपेक्षा खूपच तापलेला असतो. पृष्ठभाग ओलसर हवा, पण पाणी साचलेलं नको. गार पाण्यात माल कालवायचा. घट्ट झालेल्या घमेल्यात पुन्हा पाणी घालून फिरवायचं नाही, तो माल फेकायचाच. एका वेळी दोनतीन टाइलपुरतंच पसरायचं, १० मिमीच्या दातेरी थापीने, चर एकाच दिशेला, आणि टाइलच्या पाठीला सपाट थापीने पातळ थर वेगळा.

टाइलच्या पाठीवर पांढरी भुकटी असते ती बघा. भट्टीत रुळांना चिकटू नये म्हणून लावलेली असते. ओल्या स्पंजने पुसल्याशिवाय लावली तर अॅडहेसिव्ह त्या भुकटीला चिकटतं, टाइलला नाही. पुसायला दर टाइलला अर्धा मिनिट लागतं आणि कोटेशनमध्ये याची ओळ कुठेच नसते, म्हणून हे काम वगळलं जातं.

या सगळ्यामुळे दिवसाचे कामाचे तास अर्धे होतात. ज्याने मजुरी कमी लावलीय तो दुपारी बारालाही टाइल लावणार आहे हे गृहीत धरा.

अनवाणी

टाइल निवडताना लोक आर११, आर१२ बघतात आणि समाधान मानतात. आर चा आकडा बूट घालून, तेल सांडलेल्या उतारावर चालून काढलेला असतो. तलावाकाठी माणूस अनवाणी आणि ओला असतो. त्यासाठी वेगळी चाचणी आहे, वर्ग ए, बी, सी असे. भोवतालच्या पट्ट्याला बी हवा, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांना आणि उताराला सी. बी म्हणजे साबणपाण्याने ओल्या १८ अंशांच्या उतारावर अनवाणी पाय टिकतो, सी म्हणजे २४. पेंड्युलमचा (लोलकाने केलेल्या घसरण-चाचणीचा) अहवाल मिळाला तर ओल्या पृष्ठभागावर ३६ किंवा वर बघा, तोही मऊ रबराच्या पट्टीने काढलेला. खोक्यावरच्या चित्रावर न जाता निर्मात्याचा चाचणी अहवाल मागा.

फार खरखरीतही नको. आर१३ सारख्या पृष्ठभागावर मुलांचे गुडघे सोलवटतात, आणि खड्ड्यांत सनस्क्रीनचा चिकटा आणि शेवाळ बसतं. शेवाळ धरलेली खरखरीत टाइल स्वच्छ गुळगुळीत टाइलएवढीच घसरते.

रंगाचं तर विचारूच नका. गडद राखाडी टाइल भर उन्हात ६० अंशांच्या पुढे सहज जाते, तिच्यावर अनवाणी उभं राहता येत नाही. दुकानातून दोन नमुने आणा, एक फिका एक गडद, दुपारी दोन तास उन्हात ठेवा आणि पाय ठेवून बघा. कॅटलॉग बघण्यापेक्षा हे बरं. फिका रंग घेतला तर जास्तीचा पैसाही लागत नाही.

निळीकड

भरपूर कळलं. आणखी दोन गोष्टी. दुसऱ्या ठेकेदाराने सगळीकडे एपॉक्सी ग्राउट धरलंय, आणि टाइलवर 'सीलर कोटिंग' अशी वेगळी ओळ आहे. घरच्यांना कोपिंग मात्र नैसर्गिक दगडाचं हवंय, सँडस्टोन. मिठाच्या पाण्याने काही होतं का?

खारवारा

सीलरची ओळ खोडा. पोर्सिलेन अर्धा टक्काही पाणी पीत नाही, सीलर आत जाणार कुठे? वर पापुद्रा राहतो, त्यावरून पाय घसरतो आणि तो ठिपक्याठिपक्यांनी निघतो.

एपॉक्सीवर माझं मत असं की पट्ट्याला त्याची गरज नाही. पाण्याखाली, ओव्हरफ्लोच्या पन्हळीत ते योग्य. वर उघड्या उन्हात ते पिवळं पडतं, आणि बसवताना गरमीत इतक्या लवकर घट्ट होतं की टाइलच्या खरखरीत पृष्ठभागावरून पुसणं जिकिरीचं होतं. सिमेंटचं सुधारित ग्राउट, गोणीवर सीजी२ डब्ल्यूए (कमी पाणी पिणारं, कमी झिजणारं), पुरे. एपॉक्सी त्याच्या कित्येक पट महाग पडतं. त्यात वाचलेला पैसा लवचीक सांध्यांवर घाला, दोन्ही कोटेशनमध्ये ते असतील असं वाटत नाही.

सांध्यांचं बघा. रात्रीचे २५ आणि दुपारचे ६५ अंश धरले तर ३ मीटर काँक्रीट सव्वा मिमीच्या आसपास वाढतं, तेवढीच पोर्सिलेन पाऊण मिमी. शिवाय तलावाचं भांडं आणि भोवतीचा स्लॅब वेगवेगळे हलतात. जागा दिली नाही तर टाइल मधोमध तंबूसारखी उचलते, किंवा कोपिंगच्या मागे एक सरळ चीर जाते आणि तिथून पाणी आत शिरतं. उन्हातल्या फरशीला दोन्ही दिशांनी तीनेक मीटरवर सांधा हवा, गडद टाइलला त्याहून जवळ. खालच्या स्लॅबमध्ये जे सांधे आहेत ते तसेच वर टाइलपर्यंत आलेच पाहिजेत, त्यांच्यावरून टाइल न्यायची नाही.

तुमच्या मापांत: कोपिंगच्या मागची रेघ २६.४ मीटर. आडवे सांधे तलावाच्या चारही कोपऱ्यांपाशी दोन-दोन, लांब बाजूंना मध्ये दोन-दोन, आखूड बाजूंना एकेक. एकूण १४, प्रत्येकी १.२ मीटर, म्हणजे १७. सगळे मिळून ४३-४४ मीटर. रुंदी १० मिमी, सीलंटची खोली ५, खाली १३ मिमीचा फोमचा दोर. मीटरला ५० मिलि लागतं; ६०० मिलिच्या पाच नळ्या आणा. दोर टाळून सांधा तळापासून भरला तर सीलंट तिन्ही बाजूंनी चिकटतं आणि ताणलं की फाटतं. तलावाजवळ न्यूट्रल सिलिकॉन घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिमेंटवर चालत नाही, आणि साधं पॉलियुरेथेन क्लोरीनच्या पाण्यात कालांतराने चिकट होऊन कुजतं.

सँडस्टोन नको. मिठाच्या क्लोरिनेटरचं पाणी समुद्राच्या दहाव्या हिश्शाएवढं खारट असतं, लिटरला ३ ते ४ ग्रॅम. ऐकायला कमी वाटतं, पण काठावर रोज उडतं, रोज वाळतं, मीठ मात्र तिथेच राहतं. दगडाच्या छिद्रांत त्याचे स्फटिक होतात आणि पृष्ठभाग आतून ढकलतात. आधी वाळूसारखी पूड निघते, मग पापुद्रे, आणि पाण्याची रेषा असते तिथून कड झिजत जाते. दगडच हवा असेल तर ग्रॅनाइटसारखा घट्ट, वरून फ्लेम केलेला (ज्वाळेने खरखरीत केलेला). छिद्राळू दगड घेतलाच तर आत मुरणारा, श्वास घेऊ देणारा सीलर लावावा लागतो आणि तो पुन्हापुन्हा लावण्याचा खर्च आजच धरायचा.

खाऱ्या जागेचे किरकोळ दिसणारे खर्च आणखी आहेत. जाळ्या आणि पन्हळीची झाकणं ३१६ दर्जाच्या स्टीलची, ३०४ वर खाऱ्या वाऱ्याने चहासारखे डाग येतात. नाहीतर सरळ प्लास्टिकची. समुद्राची वाळू आणि खारं बोअरचं पाणी कोब्यात जाऊ देऊ नका, तेच क्षार नंतर सांध्यांवर लोणा म्हणून फुटतात. टाइल लावण्याआधी कोबा गोड्या पाण्याने धुवा, उघडा पडलेला असताना त्यावर मिठाचा थर बसलेला असतो.

मोजपट्टी

आता दोन्ही कोटेशन परत पाठवा आणि दर या तुकड्यांत मागा: स्लॅब टोचणं व धुणं, कोबा, सरासरी जाडी लिहून, घनमीटरवर, कोपिंग धावत्या मीटरवर, कोपरे नगावर, सपाट टाइल बसवणं चौरस मीटरवर, लवचीक सांधे धावत्या मीटरवर, स्किमरच्या झाकणांत टाइल बसवणं नगावर, हिरवी जाळी. टाइल तुम्ही स्वतः आणली तर उत्तम. कोपिंगची नाकं (तलावाकडच्या कडा) कारखान्यातून गोल करून आलेली घ्या. जागेवर ४५ अंशांत कापून जोडलेल्या कडेची मजुरी टाइलपेक्षा जास्त होते आणि पहिल्या वर्षातच तिचे टवके उडतात.

मोजणी प्रत्यक्ष बसवलेल्या क्षेत्राची असं लिहून घ्या. कापून वाया गेलेला माल खरेदीत धरला जातो, तोच मजुरीत पुन्हा धरणारे भेटतात.

'स्वस्त' कोटेशन घेण्याआधी उखडण्याचं वजनही काढून ठेवा. कोबा चौरस मीटरला ९० किलो, वर १० मिमीची टाइल आणि अॅडहेसिव्ह २८-३०. सगळं निघालं तर ४५ चौ. मी. चा राडारोडा पाच टनांच्या पुढे जातो. तोडणं, उचलणं, टाकणं आणि मग पहिल्यापासून सगळं.

थापीरंधा

पैसे टप्प्याने द्या आणि टप्पे तपासणीला बांधा. कोबा झाल्यावर पाण्याचा पाइप सोडायचा. पाणी तलावाकडे वळलं किंवा कुठे डबकं राहिलं तर टाइल उघडायची नाही. कोब्याला सात दिवस ओलं ठेवायचं, आणि मग वाळू द्यायचं. लवकर टाइल झाकली तर आतली ओल सांध्यातून लोणा घेऊनच बाहेर पडते. स्लॅब स्वतः २८ दिवसांचा झालेला असावा, तुमचा झाला असेल. बसवणं चालू असताना रोज एक टाइल लगेच उचलून पाठ बघायची. भरलेली नसेल तर त्या दिवशीचं काम परत, खर्च ठेकेदाराचा; हे कागदावर आधीच हवं, उचलताना भांडण नको.

चोवीस तासांनी ग्राउट, जाळी तशीच ठेवून. ग्राउटमध्ये पाणी मोजून. पातळ केलं की रंग ढगाळ येतो आणि भुगा सुटतो. लवचीक सांध्यांत चुकूनही ग्राउट जाऊ देऊ नका, त्यात आधीच दोर किंवा थर्मोकोलची पट्टी घालून ठेवा.

निळीकड

शेवटचं: पहिल्या ठेकेदाराचा माणूस म्हणाला की काम झाल्यावर सिमेंटचा पांढरेपणा "अॅसिडने एका तासात" काढून देतो, फुकट. चालेल ना?

खारवारा

तो म्युरिअॅटिक अॅसिड म्हणतोय. नाही म्हणा. ते ग्राउट खातं, मागे क्लोराइड सोडतं, आणि त्याच्या वाफेने शिडीचं आणि कठड्याचं स्टील डागाळतं. सल्फॅमिक अॅसिडची सौम्य साफसफाई पावडर मिळते. ग्राउट दहाएक दिवसांचं झालं की सांधे आधी पाण्याने भिजवून घ्यायचे, म्हणजे अॅसिड आत शोषलं जात नाही. मग कोपऱ्यातल्या एका टाइलवर करून बघायचं, नायलॉनच्या ब्रशने घासायचं, आणि भरपूर पाण्याने धुवायचं, धुतलेलं पाणी तलावात न जाऊ देता. नैसर्गिक दगडाचं कोपिंग केलंत तर त्यावर तेही लावू नका.